चोश्वेई नदीच्या उत्तरेला

भूगोल हा शिस्तीचा विषय आहे. ज्यानं तो जन्मभर शिकवला त्याच्या घरात कुठलीही गोष्ट नकाशा सोडून घडत नाही, असं फान ताई-ह्वान यांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी त्या संध्याकाळी बायकोला आणि सासूबाईंना ऐकवलं तेव्हा ते जेवणाच्या टेबलाजवळच्या खुर्चीवर उभे होते, कारण खाली झुरळ होतं.

झुरळ कीलुंगच्या बंदरात उतरणाऱ्या खलाशांसारखं रुंद खांद्यांचं होतं, आणि मुख्य म्हणजे उडणाऱ्या जातीचं होतं. फान सरांची बायको सू-यून हिनं त्याच्यावर भांडी घासायच्या साबणाचा फेस ओतला, त्याला कागदात गुंडाळलं, कचऱ्यात टाकलं आणि म्हणाली, "उतर आता." फान सर उतरले. आपण घड्याळावरची धूळ पाहायला वर चढलो होतो, एवढं त्यांनी सांगून ठेवलं. दोघींपैकी कोणी विचारलं नव्हतं.

"आमच्या वान्दानला असलं काही स्वयंपाकघरात यायची हिंमत करत नाही," सासूबाई म्हणाल्या. "पाली आहेत तिथं."

"पाल इथंही आहे, आई. ती बघा, ट्यूबलाइटच्या मागं."

सासूबाईंनी मान वर करून बराच वेळ पाहिलं. "ही? ही मुकी आहे. मी आल्यापासून एकदा तरी तोंड उघडलंय हिनं? वान्दानला दिवे लागले रे लागले की भिंतीभिंतीतून टक्-टक्-टक् सुरू होतं. माणूस एकटं असलं तरी घरात कोणीतरी आहे असं वाटतं. हे घर मेल्यासारखं आहे, आ-ह्वान. मला इथं झोप येत नाही. पितरांचा सातवा महिना संपला की मी आपली परत जाते."

सासूबाई बेटाच्या पार दक्षिण टोकाच्या, लाल चवळीच्या शेतांमधल्या. वसंतात त्या तिथल्या अंगणात पाय घसरून पडल्या आणि शेजारीण चवळी मागायला येईपर्यंत तशाच पडून राहिल्या. त्यानंतर सू-यून त्यांना इकडे, उत्तर टोकाला कीलुंगमध्ये घेऊन आली. आता त्या परत जायचं म्हणत होत्या. ते ऐकून सू-यून भांडी पुसता पुसता, आवाज न चढवता म्हणाली, "आई गेली तर मीही जाणार. तिला एकटीला मी पुन्हा ठेवणार नाही. तू राहा इथं. तुझा भूगोल आहे सोबतीला."

फान सरांना पाणी उकळता येत असे, आणि उकळलेलं पाणी पाकिटातल्या शेवयांवर ओतता येत असे. पाककलेचा त्यांचा अभ्यास तिथं संपत होता. वान्दानला जाऊन राहावं तर तिथलं ऊन त्यांना मानवत नसे. तिकडे गेले की त्यांच्या पाठीवर घामोळं उठे आणि त्याचा आकार एखाद्या द्वीपसमूहासारखा असे. थोडक्यात, वान्दानच्या सासूबाईंना कीलुंगमध्ये झोप लागणं हा आता फान सरांच्या अस्तित्वाचा प्रश्न होता.

त्या गल्लीत कोणताही अस्तित्वाचा प्रश्न कचऱ्याच्या गाडीपाशी सुटतो. तिथं कचरा जमिनीवर ठेवायची सोय नाही. पियानोची धून वाजवत गाडी येते, आणि तिची वाट पाहत सगळा मोहल्ला हातात पिशव्या धरून उभा असतो. माणसाच्या हातात स्वतःचा कचरा असला की तो दुसऱ्याला सल्ला द्यायला फार मोकळा होतो.

"फान सर, तुम्ही भूगोल शिकवला ना?" तिसऱ्या मजल्यावरचे चुआंग म्हणाले. हे बंदराच्या कचेरीतून निवृत्त झाले होते आणि त्यांचं सर्व विषयांवर मत असे. "चोश्वेई नदीच्या दक्षिणेची पाल ओरडते, उत्तरेची ओरडत नाही. शेंबडं पोरही सांगेल."

"पालीला नदी कुठली हे कसं कळतं?"

"ते तुम्ही सांगायचं. आम्ही काय, जहाजांवर शिक्के मारणारी माणसं."

फान सरांनी मग उभ्या उभ्या एक छोटासा पाठ घेतला. पालींच्या जाती वेगवेगळ्या असतात. एक ओरडते, एक ओरडत नाही. ओरडणारी जात उबदार भागात जास्त. नदीचा यात काही संबंध नाही, ती बिचारी आपली बेटाच्या मधून वाहते. नद्या वाहतात, कायदे करत नाहीत, असंही एक वाक्य त्यांनी म्हटलं. ते त्यांना स्वतःलाच आवडलं, म्हणून पुन्हा म्हटलं.

"माझ्या मावसभावानं प्रयोग केलाय," मागून आवाज आला. को बाई होत्या. त्या फान सरांच्या बरोबर वरच्या, आठव्या मजल्यावर राहत, इमारतीच्या समितीच्या अध्यक्ष होत्या, आणि त्याआधी सगळी हयात त्यांनी कस्टममध्ये परक्यांच्या बॅगा उघडण्यात घालवली होती. "दक्षिणेची पाल डब्यात घालून आणली. पूल ओलांडला आणि आवाज बंद. कायमचा."

या बेटावर कुठल्याही गोष्टीचा शेवटचा पुरावा मावसभाऊ हाच असतो. त्याला उलटतपासणी नाही. फान सरांच्या मात्र जन्मभराच्या शिकवणीवर कोणीतरी शाई सांडल्यासारखं झालं. "मी आणून दाखवतो," ते म्हणाले. "ओरडणारी पाल. इथं, सातव्या मजल्यावर."

नेमकी तेवढ्यात गाडीची धून थांबली होती. त्यामुळे हे वाक्य पार कोपऱ्यावरच्या माशाच्या गोळ्यांच्या टपरीपर्यंत ऐकू गेलं, आणि परत घेण्याच्या पलीकडे गेलं.

घरी त्यांनी सांगितलं की वान्दानच्या घराचं छप्पर गळतंय का ते पाहून येतो. सू-यूननं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की छप्पर आपोआप दुरुस्त व्हावं. पण थांबवलं नाही.

पाल पकडणं ही गोष्ट पुस्तकात नाही. वान्दानच्या ओसरीवर पहिल्या संध्याकाळी फान सरांच्या हाती शेपूट लागलं. ते शेपूट बराच वेळ एकटंच वळवळत राहिलं, आणि फान सर त्याच्याकडे एखाद्या हुशार पण वाया गेलेल्या विद्यार्थ्याकडे पाहावं तसे पाहत राहिले. फाटकापाशी शेजारच्या ल्यू काकू येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"जावईबापू, पाली धरताय?"

"हो."

"उत्तरेला पाऊस फार, तिथं काही पिकत नाही, हे ऐकून होते. पण एवढी वेळ आली?"

"खायला नाही धरत, काकू. आईंना आवाज ऐकायचाय."

ल्यू काकूंनी यावर नीट विचार केला. "मग फोनवर ऐकवायचा ना," त्या म्हणाल्या. "मी धरते की फोन भिंतीला."

ही सूचना फान सरांनी ऐकून न ऐकल्यासारखी केली, कारण ती चांगली होती. मोठ्या उपक्रमाच्या मध्यावर चांगली सूचना येणं यासारखी घातक गोष्ट नाही. त्यांनी शिडी लावली, चहाचा रिकामा डबा पालीवर उपडा घातला, खालून पुठ्ठा सरकवला, आणि घामोळ्याची पहिली बेटं वर येईपर्यंत तीन पाली जमवल्या. डब्याच्या झाकणाला भोकं पाडली. डबा चांगल्या ऊलाँग चहाचा होता, त्यामुळे पालींना पुढचा सगळा प्रवास सुवासिक झाला असणार.

परतीच्या आगगाडीत चहाच्या डब्यातून आवाज आला. टक्-टक्-टक्-टक्. फान सरांना धन्य वाटलं. तिकीट तपासनिसाला तसं काही वाटलं नाही.

"काय आहे यात?"

"पाली."

तपासनीस तरुण होता आणि त्याचे नियम ताजे होते. "पाळीव की जंगली? पाळीव असतील तर प्राण्यांची पेटी लागते. ठरलेल्या मापाची, तळ न गळणारी. जंगली असतील तर वनखात्याचा परवाना."

"घरच्या आहेत."

"घरच्या म्हणजे पाळीव?"

"पाळलेल्या नाहीत. त्या आपणहून राहतात."

"मग भाडेकरू म्हणायच्या का?" समोरच्या आजीबाई म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर जिवंत कोंबडं होतं. त्याच्याकडे प्राण्यांची पेटी होती आणि ते फान सरांकडे तुच्छतेनं पाहत होतं.

तपासनिसानं वाट करून द्यायचं ठरवलं. "सर, खाद्यपदार्थ असेल तर नियम लागत नाही. औषध असेल तरी लागत नाही. पालीचं औषध करतात, दम्यावर."

फान सरांनी आयुष्यात कधी खोटं उत्तर दिलं नव्हतं, निदान वर्गात तरी. "औषध आहे," ते हळूच म्हणाले.

तपासनिसानं डबा कानाला लावला. "औषध हलतंय," तो म्हणाला. मग थोडा वेळ ऐकत राहिला, आणि डबा परत दिला. "ताजं असेल."

ही बातमी डब्याडब्यातून फिरली असावी, कारण चोश्वेई नदी जवळ आली तेव्हा फान सरांच्या आसपास बरीच माणसं जमली होती. चहाचा डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला होता. कोणी बोलत नव्हतं. पूल सुरू झाला. खाली वाळू, मग थोडं राखाडी पाणी, मग पुन्हा बरीच वाळू. टक्-टक्, डबा म्हणाला. पूल संपला.

डबा काही म्हणाला नाही.

सगळे वाट पाहत राहिले. उसाचं शेत गेलं, एक कारखाना गेला, एक देऊळ गेलं.

"झालं," कोंबड्यावाल्या आजीबाई म्हणाल्या. "गेला बिचाऱ्यांचा आवाज." त्यांनी फान सरांना एक पेरू दिला. मयताच्या घरी द्यावा तसा दिला.

पाली दमल्या असतील, डबा तापला असेल, पुलाच्या खडखडाटानं बिचकल्या असतील, अशी तीन शास्त्रीय कारणं फान सरांनी लगेच मनाशी मांडली. पण शंकेची पाल मात्र त्यांच्या मनात नदीच्या उत्तरेलाही चुकचुकत राहिली.

घरी पोचल्यावर डबा टेबलावर ठेवून झाकण उघडलं. "छप्पर का हे?" सू-यून म्हणाली. सासूबाई वाकून पाहत होत्या. त्यांचा चेहरा गावचं माणूस भेटल्यासारखा झाला. "ही वान्दानचीच," त्या म्हणाल्या. "डोळे बघ कसे मोकळे आहेत. बोल गं बाई." बाई भिंतीवर चढली, नकाशाच्या मागं गेली आणि गप्प बसली. दुसरी फ्रिजच्या मागं गेली. तिसरी ट्यूबलाइटपाशी जाऊन तिथल्या मुक्या पालीच्या शेजारी थांबली, आणि दोघी जणी सरकारी कचेरीतल्या कारकुनांसारख्या एकमेकींकडे न पाहता बसून राहिल्या.

त्या दिवशी आवाज नाही. पुढच्या दिवशी नाही.

"उपाशी जीव काय ओरडणार," सासूबाईंनी निदान केलं. "ह्यांना खायला काय आहे या घरात? डास नाही, माशी नाही. त्या झुरळानंतर सू-यूननं मोऱ्यांना जाळ्या बसवल्या. गावी मी कधी मोरीला जाळी बसवली नाही."

अशा रीतीनं फान सरांवर झुरळं मिळवायची वेळ आली.

कचऱ्याच्या गाडीपाशी त्यांनी जमेल तितक्या सहजपणे विचारलं, "कोणाकडे झुरळं आहेत का हो? लहान असली तरी चालतील."

सगळे आपापल्या पिशव्यांच्या गाठी तपासू लागले. त्या इमारतीत झुरळं होती हे सगळ्यांना माहीत होतं, पण कोणाच्याही घरात ती नव्हती; ती नेहमी खालच्या मजल्यावरची असत, आणि तळमजल्याची ती गटारातली असत. त्यामुळे उघडपणे कोणी पुढं आलं नाही. मात्र पुढच्या काही दिवसांत फान सरांच्या दाराशी झाकणाला भोकं पाडलेल्या बरण्या दिसू लागल्या, टाकून दिलेल्या मुलांसारख्या. चुआंग तेवढे स्वतः आले.

"माझ्या घरातली नाहीत हं ही," बरणी पुढं करत ते म्हणाले. "जिन्यात भेटली. दुसऱ्या मजल्याची असावीत, तोंडावळा तसाच आहे. आणि एक सांगू का सर, पाल ओरडत नसेल तर तिला थोडी तांदळाची दारू पाजून पाहा. माझा एक साडू आहे, एरवी तोंड उघडत नाही."

फान सर हा सगळा साठा पौर्णिमेच्या सणाला मिळणाऱ्या चंद्रकेकच्या एका पत्र्याच्या डब्यात करत. एकदा खालून असाच माल गोळा करून ते लिफ्टमध्ये शिरले, डबा छातीशी धरून, मान दुसरीकडे फिरवून. दार लागता लागता को बाई आत आल्या. त्यांच्या हातात उदबत्त्यांचे पुडे होते. सातवा महिना लागला होता. परलोकाचे दरवाजे उघडून तिथली मंडळी पृथ्वीवर सुट्टीला आली होती. कीलुंगमध्ये त्यांना भूत असं कोणी म्हणत नाही, तसं म्हणणं बरं दिसत नाही. त्यांना भाऊमंडळी म्हणतात. इमारतीच्या दारात भाऊमंडळींसाठी टेबल मांडलेलं होतं: शेवयांची पाकिटं, डबाबंद मासे, बिस्किटं, हातपाय धुवायला तांब्याचं भांडं आणि नवा पंचा. प्रत्येक डब्यावरची मुदतीची तारीख को बाईंनी जातीनं तपासलेली होती.

"सर, डब्यात काय आहे?"

"केक."

"चंद्रकेक पुढच्या महिन्यात."

"जुना आहे."

को बाईंनी डब्याकडे पाहिलं. डब्याच्या आत काहीतरी खरवडल्यासारखं झालं. "उघडा," त्या म्हणाल्या.

कीलुंगच्या धक्क्यावर ज्या आवाजापुढं जगातल्या अनेक देशांच्या खलाशांनी आपापल्या बॅगा उघडल्या होत्या, तो हा आवाज होता. फान सरांचे हात आपोआप उघडले.

पुढं नक्की काय झालं याबद्दल दोन मतं आहेत. को बाईंच्या मते फान सरांनी डबा त्यांच्या अंगावर फेकला. फान सरांच्या मते डबा गुरुत्वाकर्षणाने पडला. याबद्दल मात्र दुमत नाही की को बाईंनी लिफ्टची सगळी बटणं एकदम दाबली, आणि त्यामुळे लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबली, सावकाश दार उघडलं, त्या मजल्याच्या वाट्याचा माल उतरला आणि दार पुन्हा लागलं. भूगोलात याला स्थलांतर म्हणतात. सातव्या मजल्यावर फान सर उतरले तेव्हा त्यांच्या चष्म्यावर एक झुरळ होतं, आणि ते खुर्ची शोधत होते.

समितीची तातडीची सभा तळमजल्यावर, सायकली बाजूला सारून भरली. ठराव एकच होता: सगळ्या इमारतीत एकाच वेळी धुराचे डबे लावायचे. पाणी घातलं की त्यांतून विषारी धूर निघतो. दारंखिडक्या बंद करून माणसांनी दिवसभर बाहेर बसायचं. संध्याकाळी येऊन झाडून घ्यायचं. एकाही घरानं नकार दिला तर उपयोग नाही, कारण झुरळं तिकडे मुक्कामाला जातात. म्हणून ठराव एकमतानं हवा होता.

फान सरांनी मनात हिशेब मांडला. धुराला झुरळ आणि पाल यांतला फरक कळत नाही. पाली गेल्या की आवाजाची आशा गेली, आवाज गेला की सासूबाई गेल्या, सासूबाई गेल्या की सू-यून गेली. मागं उरणार ते फान सर, उकळतं पाणी आणि शेवया. सू-यून त्यांच्या शेजारी बसली होती आणि त्यांच्याकडे पाहत नव्हती. तिनं आईचे कपडे आदल्याच दिवशी पेटीत भरायला काढले होते. सासूबाई पुढच्या रांगेत बसून लिचीसारखी लाँगानची फळं सोलून खात होत्या.

फान सर उभे राहिले. नद्या कायदे करत नाहीत, असं याच माणसांना त्यांनी ठणकावून सांगितलं होतं. आता त्यांनी घसा साफ केला.

"हा सातवा महिना आहे," ते म्हणाले.

को बाईंनी ठरावाचा कागद खाली ठेवला.

"भाऊमंडळी घरोघरी आलेली आहेत. ती कोणत्या रूपात येतील, सांगता येत नाही. कोणी पतंग होऊन येतो, कोणी टोळ होऊन. आपले आईवडील, आजोबा. दारात आपण त्यांना पंचा ठेवतो, पाणी ठेवतो, आणि घरात विषारी धूर करतो. मी शास्त्राचा माणूस आहे, माझा या गोष्टींवर..." इथं त्यांनी सू-यूनकडे पाहिलं आणि वाक्य दुसरीकडे वळवलं. "माझा या गोष्टींबद्दल आदर आहे. या महिन्यात प्रत्येक किड्याकडे पाहताना मनात विचार यायला हवा, की हा आपला कोणीतरी..."

नेमकं त्या क्षणी को बाईंच्या टेबलावरच्या चहाच्या कपामागून एक झुरळ बाहेर आलं. सासूबाईंनी उजव्या पायातली सपात काढली, बसल्या जागेवरून फेकली, आणि तोंडातली लाँगानची बी शांतपणे हातावर घेतली. सपातेखाली काही हललं नाही.

को बाईंनी आपला कप उचलून बाजूला ठेवला.

"आजी," को बाई म्हणाल्या, "तो कोणाचा तरी पूर्वज होता."

"माझा नव्हता," सासूबाई म्हणाल्या. "आमच्यात कोणी एवढं हळू चालत नसे. सपात द्या बरं इकडे."

हसू सगळ्या सायकलींमधून फिरून आलं. फान सर खाली बसले. आपल्या भाषणाची अखेर आपल्याच घरच्या सपातेनं व्हावी हे त्यांना फार लागलं. पण हसणं ओसरल्यावर एक गोष्ट दिसून आली: ठरावाच्या बाजूनं हात वर करायला कोणी तयार नव्हतं. चुआंगांचा हात अर्धा वर गेला, तिथं त्यांनी डोकं खाजवलं आणि तो खाली आला. सातव्या महिन्यात, त्यातही कीलुंगमध्ये, पहिला हात कोण वर करणार. न जाणो. ठराव पुढं ढकलला गेला. फान सर जिंकले होते, आणि भूगोल हरला होता.

सभा संपल्यावर को बाई सासूबाईंच्या जवळ आल्या. "आजी, तुमचा नेम चांगला आहे. माझ्या स्वयंपाकघरात एक आहे. कालपासून. म्हणजे लिफ्टमधलंच असणार. येता का जरा वर?"

सासूबाई सपात हातात घेऊन वर गेल्या. त्या लवकर परत येईनात. दिवे लागले. सू-यूननं जेवण वाढलं, झाकलं. शेवटी सासूबाई आल्या त्या गालात हसत. "आ-ह्वान," त्या म्हणाल्या, "वर पाल ओरडते."

फान सरांनी हातातल्या चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

"अगदी वान्दानसारखी. को बाईंच्या मागच्या गॅलरीत. मी तिथंच स्टूल टाकून बसले होते. बरं वाटलं जिवाला."

फान सर जिना चढले. लिफ्टमध्ये ते सध्या जात नसत. मागून सू-यून आली. को बाईंच्या मागच्या गॅलरीत कपड्यांची काठी होती, वॉशिंग मशीन होतं आणि भिंतीवर गॅसचा गीझर होता. गीझरच्या मागून स्पष्ट आवाज आला. टक्-टक्-टक्-टक्-टक्.

त्यांच्या तीन पाली खाली आपापल्या जागी मुक्या बसलेल्या होत्या. त्या त्यांनी आत्ताच पाहिल्या होत्या. म्हणजे ही इथलीच होती. उत्तरेची होती, आणि ओरडत होती.

"केव्हापासून येतो हा आवाज?"

"हा गीझरचा?" को बाई म्हणाल्या. "आम्ही राहायला आलो तेव्हापासून. दिवे लागायच्या सुमाराला सुरू होतो. मेकॅनिक येऊन जातात, पट्ट्या बदलतात, काही फरक पडत नाही."

"गीझर," फान सर म्हणाले.

"मग काय? आजी म्हणतात पाल. मी त्यांना म्हटलं, आजी, इथं उत्तरेला पाली ओरडत नाहीत. सर, तुम्हीच सांगा त्यांना."

गीझरच्या पाठीमागून एक चपटं डोकं बाहेर आलं. त्यानं फान सरांकडे पाहिलं, गळा फुगवला, आणि पुन्हा म्हणालं, टक्-टक्-टक्. को बाईंनीही ते पाहिलं. "ती आपली मुकी," त्या म्हणाल्या. "गीझरच्या उबेला येऊन बसते. काही करत नाही बिचारी. खरंच पाल ओरडायला लागली असती तर मी हा महिना संपायची वाट पाहिली नसती, दुसऱ्या दिवशी फवारा मारला असता. मला मालिका बघताना आवाज चालत नाही."

फान सरांच्या जिभेवर सगळा पाठ तयार होता. जाती, उबदार भाग, पुलाचा काही संबंध नाही, हा बघा गळा. पुरावा समोर होता आणि साक्षीदार अध्यक्ष होत्या. उद्या कचऱ्याच्या गाडीपाशी चुआंगांना काय सांगायचं, त्याचं पहिलं वाक्यसुद्धा जमून आलं होतं. तेवढ्यात सू-यूननं त्यांच्या सदऱ्याची बाही मागून धरली. नुसती धरून ठेवली.

खालून, सातव्या मजल्यावरून, सासूबाईंच्या घोरण्याचा आवाज येत होता.

फान सरांनी गीझरकडे पाहिलं. "हो," ते म्हणाले. "गीझरच आहे."

"तेच म्हणते मी. आणि नदीचं?"

"नदीचंही बरोबर आहे," फान सर म्हणाले. "उत्तरेची पाल ओरडत नाही."

को बाईंनी ते दुसऱ्या दिवशी गाडीपाशी सगळ्यांना सांगितलं. भूगोलाच्या सरांनी स्वतः मान्य केलं, म्हणाल्या. चुआंगांनी फान सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि चूक कबूल करणं फार कमी लोकांना जमतं असं म्हणाले. फान सरांनी आपली पिशवी गाडीत टाकली.

सातवा महिना संपला. सासूबाईंनी पेटी उघडून कपडे परत कपाटात लावले. रोज दिवे लागायच्या वेळी त्या वर जातात, गीझरखाली स्टूल टाकून को बाईंसोबत शेंगा सोलतात, आणि खाली येऊन झोपतात. धुराच्या डब्यांचा विषय आठव्या महिन्यात निघाला, तेव्हा को बाईंनी आधी गीझरचं काय ते बघू असं म्हणून तो मागं ठेवला.

त्यांनी गीझर बदलला. नवाही तसाच आवाज करतो. मेकॅनिकच्या मते पाण्याच्या दाबात काहीतरी गडबड असावी, म्हणून समिती आता दर महिन्याला इमारतीच्या पाण्याचा दाब तपासून घेते. दाब बरोबर आहे.